अर्जातला तिसरा पर्याय: ट्रान्सजेंडर हक्कांचं धोरण प्रत्यक्षात घडतं कसं?

नोव्हेंबर २०२२मध्ये महाराष्ट्रात पोलिस भरतीचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले. लिंगाच्या रकान्यात दोनच पर्याय होते, पुरुष आणि स्त्री. त्यातला एक निवडल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. म्हणजे ट्रान्सजेंडर उमेदवाराला, जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा जिची ओळख वेगळी आहे अशा व्यक्तीला, पोलिस व्हायचं असेल, तर पहिल्याच पानावर स्वतःबद्दल खोटं लिहावं लागणार होतं. सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्सजेंडर व्यक्तींची ओळख मान्य केली, त्याला तोवर साडेआठ वर्षं उलटली होती. संसदेचा कायदाही तीन वर्षांचा होत आला होता आणि नोकरीत भेदभाव करता येणार नाही, असं त्या कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेलं होतं.

प्रकरण महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये गेलं. मॅटने तिसरा पर्याय द्यायला सांगितलं. त्या आदेशाविरुद्ध राज्य सरकार मुंबई उच्च न्यायालयात गेलं. शारीरिक चाचणीचे निकष ठरलेले नाहीत, त्यामुळे अंमलबजावणी अवघड आहे, असं सरकारचं म्हणणं होतं. तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने सरकारला खडसावलं आणि नियम करणार नसाल तर भरतीच थांबवावी लागेल, असा इशारा दिला. तेव्हा कुठे डिसेंबरमध्ये सरकारने अर्जात पर्याय देण्याचं आणि फेब्रुवारी २०२३च्या अखेरपर्यंत चाचणीचे नियम करण्याचं मान्य केलं.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, संसदेचा कायदा आहे, तरी एका रकान्यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते, हे कसं? स्वयंसेवी संस्था धोरणाच्या पातळीवर जे काम करतात, ते या प्रश्नाच्या उत्तरात दडलेलं आहे. या कामाला कोणी जनवकिली म्हणतं, कोणी ॲडव्होकसी, आणि संस्थांमधले लोक रोजच्या बोलण्यात नुसतं 'पाठपुरावा' म्हणतात.

आधी थोडी रचना समजून घेऊ. संसद किंवा विधिमंडळ कायदा करतं. कायद्यात मोठी तत्त्वं असतात, पण अर्ज कुठे करायचा, किती दिवसांत निकाल द्यायचा, कोणती कागदपत्रं लागतील, हे त्याखालच्या नियमांत येतं. त्याखाली राज्याचे शासन निर्णय, म्हणजे आपले जीआर. त्याखाली खात्यांची परिपत्रकं. आणि सगळ्यात खाली कार्यालयातला छापील अर्ज किंवा संगणकावरचा फॉर्म. सामान्य माणसाची सरकारशी गाठ पडते ती या शेवटच्या पायरीवर. वरच्या प्रत्येक पायरीवरून हक्क खाली आला नाही, तर तो वरच अडकून राहतो, आणि बऱ्याचदा तो कुणी मुद्दाम अडवलेलाही नसतो. खालचा कारकून जुना फॉर्म वापरत असतो, कारण नवा त्याच्याकडे आलेलाच नसतो.

पॅन कार्डाचं उदाहरण घ्या. आधारमध्ये ट्रान्सजेंडर हा पर्याय होता, पॅनच्या अर्जात नव्हता. दोन्ही कार्डं जोडायची सक्ती आली तेव्हा नोंदी जुळेनात. एप्रिल २०१८मध्ये प्राप्तिकराच्या नियमांत बदल होऊन पॅनच्या अर्जात तो पर्याय आला. बँकांच्या अर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१५मध्ये सूचना काढली. मतदार यादीत 'इतर' अशी नोंद करण्याची सोय निवडणूक आयोगाने २००९मध्येच केली होती. सरकार एकच असलं, तरी प्रत्येक दरवाजा वेगवेगळा ठोठवावा लागला.

या सगळ्याचा पाया म्हणजे १५ एप्रिल २०१४चा नालसा निकाल. नालसा म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण. मूळ याचिका या सरकारी प्राधिकरणाची होती, पण समाजातल्या एका नोंदणीकृत संस्थेची याचिका तिला जोडली गेली आणि ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी हस्तक्षेप अर्ज करून आपलं जगणं न्यायालयापुढे ठेवलं. न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या. आपली लिंगओळख ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा स्वतःचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे. आणि ट्रान्सजेंडर समाजाला सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून शिक्षणात आणि नोकरीत आरक्षण द्यावं. पहिली गोष्ट पुढच्या कायद्यात कशी वाकवली गेली आणि दुसरीवर आजही वाद का चालतो, हे पाहिलं की संस्थांचं खरं काम कळतं.

२४ एप्रिल २०१५ रोजी राज्यसभेने द्रमुकचे खासदार तिरुची शिवा यांचं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं विधेयक, मंजूर केलं. खासगी सदस्याचं विधेयक राज्यसभेत मंजूर होण्याची ती कित्येक दशकांतली पहिली वेळ होती. त्यात २ टक्के आरक्षण होतं, राष्ट्रीय आयोग होता. लोकसभेत ते पुढे गेलं नाही. सरकारने २०१६मध्ये स्वतःचं विधेयक आणलं आणि ते वाचून समाजातले लोक हादरले. त्यातली व्याख्या 'पूर्ण स्त्री नाही, पूर्ण पुरुष नाही' अशा वळणाची होती. ओळख ठरवायला जिल्हा छाननी समिती होती, म्हणजे तुम्ही कोण आहात हे डॉक्टर आणि अधिकाऱ्यांच्या टेबलापुढे सिद्ध करायचं. ट्रान्सजेंडर व्यक्तीला भीक मागायला लावणं हा गुन्हा ठरवला होता. ऐकायला हे संरक्षण वाटतं. पण हिजडा समाजात गुरू-चेल्यांची घरं बधाई (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन मिळणारे पैसे) आणि मागून आणलेल्या पैशांवर चालतात. ज्यांना घरच्यांनी बाहेर काढलं त्यांना याच घरांनी जेवू घातलं. त्या कलमाने पोलिसांना थेट या घरांत शिरायची वाट मिळाली असती.

इथे संस्थांनी जे केलं, ते मला या संपूर्ण लढ्यातलं सर्वात मोलाचं काम वाटतं. रस्त्यावरची आंदोलनं झालीच, पण त्यासोबत विधेयकाचं एकेक कलम समोर ठेवून त्यावर लेखी उत्तरं तयार झाली: हे वाक्य काढा, त्याऐवजी हे घाला, कारण हे. तेलंगणा हिजडा इंटरसेक्स ट्रान्सजेंडर समिती, संपूर्णा, चेन्नईचं ओरिनाम अशा गटांनी हे काम केलं. यातले बरेच गट मोठ्या कार्यालयांचे नव्हते, स्वयंसेवकांवर चालणारे होते. संसदेच्या स्थायी समितीपुढे समाजाचे प्रतिनिधी गेले. जुलै २०१७मध्ये आलेल्या समितीच्या अहवालाने व्याख्येवर टीका केली आणि आरक्षणाचीही शिफारस केली.

स्थायी समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. तरी ती कामाला येते, कारण तिची छापील नोंद राहते आणि पुढे प्रत्येक वेळी तिच्याकडे बोट दाखवता येतं. डिसेंबर २०१८मध्ये लोकसभेने २७ दुरुस्त्यांसह विधेयक मंजूर केलं. व्याख्या बदलली होती, पण छाननी समिती आणि भिकेचं कलम तसंच होतं. पुन्हा विरोध झाला. लोकसभा विसर्जित झाल्यावर ते विधेयक बाद झालं. २०१९मध्ये जे नवं विधेयक आलं, त्यात छाननी समिती नव्हती आणि भिकेचं कलमही नव्हतं. दोन वाक्यं गळून पडायला तीन वर्षं लागली. मात्र विधेयक प्रवर समितीकडे पाठवावं ही राज्यसभेतली मागणी फेटाळली गेली, २६ नोव्हेंबर २०१९ला ते मंजूर झालं आणि १० जानेवारी २०२०पासून कायदा लागू झाला.

सगळं मिळालं असं अजिबात नाही. ट्रान्सजेंडर व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला त्या कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा ठेवली गेली. स्त्रीवरच्या बलात्काराला तेव्हा किमान दहा वर्षांची शिक्षा होती. या फरकाचं समर्थन कसं करता येईल, मला कळत नाही. आरक्षणाबद्दल कायद्यात एक अक्षर नव्हतं. घरच्यांना सांभाळ करता येत नसेल तर न्यायालय त्या व्यक्तीला पुनर्वसन केंद्रात पाठवू शकेल, असं कलम आलं. ज्या गुरूने किंवा मैत्रिणीने आसरा दिला तिचं घर मात्र कायद्याच्या लेखी कुटुंब ठरलं नाही. आणि स्वतःची ओळख स्वतः ठरवायची हे तत्त्व लिहून पुढे जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं गेलं.

नियमांचा टप्पा याहून कमी गाजला, पण तो समजून घेण्यासारखा आहे. एप्रिल २०२०मध्ये, सगळा देश घरात कोंडलेला असताना, केंद्राने नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आणि हरकती मागवल्या. मुदत तोकडी होती. ज्यांच्यासाठी हे नियम होते, त्यांचं रोजचं मागणं टाळेबंदीने बंद झालं होतं आणि संस्था शिधा वाटण्यात गुंतल्या होत्या. मसुद्यात मानसशास्त्रज्ञाचा अहवाल जोडण्याची अट होती. मुदतवाढ मागितली गेली, ती मिळाली. टाळेबंदीतच फोनवर आणि ऑनलाइन बैठका घेऊन हरकती लिहिल्या गेल्या. सप्टेंबर २०२०च्या अंतिम नियमांत मानसशास्त्रज्ञाचा अहवाल नव्हता. वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता, प्रतिज्ञापत्राच्या आधारे, ३० दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं ठरलं. या एका बदलाने किती माणसं डॉक्टरांच्या आणि अधिकाऱ्यांच्या अपमानास्पद प्रश्नांतून सुटली असतील! त्याची बातमी फार कुठे आली नाही.

आता आरक्षण. याविषयी गैरसमज जास्त आहेत, म्हणून जरा सावकाश जाऊ.

नालसा निकालात मागासवर्ग असा उल्लेख असल्याने काही राज्यांनी ट्रान्सजेंडर समाजाला सरळ इतर मागासवर्गांच्या यादीत घातलं. यात मोठी अडचण आहे. एखादी ट्रान्स स्त्री दलित कुटुंबातली असेल, तर तिने अनुसूचित जातीची सवलत घ्यायची की ट्रान्सजेंडर म्हणून ओबीसीची? एका हातात काही द्यायचं तर दुसऱ्या हातातलं सोडायला लावायचं, असा हा प्रकार. शिवाय तिची स्पर्धा अशा मोठ्या गटाशी लागते, ज्यातल्या बहुतेकांना शाळेतून हाकलून दिलेलं नसतं. तामिळनाडूच्या ग्रेस बानू यांच्यासारख्या दलित ट्रान्स कार्यकर्त्यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षं लावून धरला. त्यांची मागणी समांतर आरक्षणाची आहे.

महाराष्ट्रात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या कुणालाही समांतर आरक्षण म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. महिला, खेळाडू, दिव्यांग, प्रकल्पग्रस्त यांच्या जागा प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत ठेवलेल्या असतात. अनुसूचित जातीतली महिला अनुसूचित जातीच्या जागांतल्या महिलांच्या कोट्यातून येते. तसंच ट्रान्सजेंडर उमेदवाराला आपल्या प्रवर्गात राहून ट्रान्सजेंडर म्हणून जागा मिळावी. कुणाची जात सुटत नाही आणि एकूण आरक्षणाची टक्केवारीही वाढत नाही.

हे कर्नाटकात झालं आणि ते एका स्वयंसेवी संस्थेमुळे झालं. राज्य पोलिस दलाच्या भरतीची जाहिरात फक्त पुरुष आणि महिलांसाठी निघाली, तेव्हा बेंगळुरूच्या संगमा संस्थेने २०२०मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जीवा या दुसऱ्या संस्थेनेही त्यात आपली बाजू मांडली. मुख्य न्यायमूर्ती तेव्हा मुंबई उच्च न्यायालयातून तिकडे गेलेले अभय ओक होते. न्यायालय तारखेमागून तारखेला सरकारला विचारत राहिलं की धोरण काय ठरलं. अखेर सरकारने सेवाभरतीचे नियमच बदलले. मसुदा काढून हरकती मागवल्या गेल्या आणि जुलै २०२१मध्ये प्रत्येक प्रवर्गात ट्रान्सजेंडर उमेदवारांसाठी १ टक्का जागा अंतिम झाल्या. योग्य उमेदवार मिळाला नाही, तर जागा त्याच प्रवर्गातल्या स्त्री किंवा पुरुषाला जाते, त्यामुळे ती रिकामी राहण्याचा प्रश्न नाही.

या लढाईत बारकावा असा की नोकरीच्या वादात न्यायालयं सहसा जनहित याचिका ऐकत नाहीत. ज्याचं नुकसान झालं, त्याने स्वतः यावं लागतं. महाराष्ट्रात म्हणूनच उमेदवारांना स्वतःच्या नावाने मॅटमध्ये जावं लागलं. नाव वर्तमानपत्रात येतं, गावात चर्चा होते, घरच्यांवर दडपण येतं. अशा वेळी पाठीशी संस्था असणं म्हणजे वकील, प्रवासखर्च, राहायची जागा आणि रात्री फोन उचलणारं कुणीतरी असणं.

महाराष्ट्रात समांतर आरक्षणाची मागणी न्यायालयात झाली, तेव्हा राज्य सरकारने ते अवघड असल्याची भूमिका घेतली. मला हे पटत नाही. याच राज्याने २०१८मध्ये अनाथ मुलांसाठी १ टक्का समांतर आरक्षण आणलं, तेही एका अनाथ तरुणीने केलेल्या पाठपुराव्यातून. इच्छा असेल तर रचना आपल्याकडे तयार आहे.

'पण तुमची संख्या किती?' हा प्रश्न मंत्रालयात हटकून येतो. २०११च्या जनगणनेत देशात ४,८७,८०३ लोकांची नोंद 'इतर' अशी झाली, महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची. हा आकडा जपून वापरायला हवा. दारात आलेल्या प्रगणकाला घरातला माणूस माहिती देतो, आणि जो मुलाची ओळखच मान्य करत नाही तो 'इतर' लिहील कशाला? पण त्याच जनगणनेत या गटाची साक्षरता सुमारे ५६ टक्के होती आणि देशाची ७४ टक्के. संख्या कमी दिसो वा जास्त, ही दरी धोरणासाठी पुरेसं कारण आहे.

संस्था हे काम कुठल्या पैशावर करतात, हेही बघितलं पाहिजे. आपल्याकडे ट्रान्सजेंडर समाजात काम करणाऱ्या अनेक संस्था एचआयव्ही प्रतिबंधाच्या निधीतून उभ्या राहिल्या. मुंबईची हमसफर ट्रस्ट, गौरी सावंत यांची सखी चारचौघी, दाई वेल्फेअर सोसायटी यांनी या समाजात आरोग्याचं काम केलेलं आहे. त्या कामामुळेच वस्त्यावस्त्यांत माणसं तयार झाली, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण तो पैसा तपासण्या आणि कंडोम मोजतो. खटला लढवायला, जीआर वाचायला किंवा नागपूरच्या अधिवेशनात आमदारांना भेटायला त्यात खातं नसतं. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी शिवणयंत्रं आणि ब्युटी पार्लरच्या प्रशिक्षणाला मिळतो, सरकारशी वाद घालायला क्वचित. परदेशी निधीच्या कायद्यात २०२०मध्ये बदल झाल्यावर मोठ्या संस्थेला तो पैसा जिल्ह्यातल्या छोट्या गटाला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पाठपुराव्याच्या कामात मुख्य खर्च माणसांचा आणि प्रवासाचा असतो, म्हणून छोट्या गटांना याची झळ जास्त बसली.

समाजाच्या आतलाही एक प्रश्न आहे. मंडळावर किंवा परिषदेवर समाजाचे प्रतिनिधी घेताना बहुधा मोठ्या शहरांतल्या, प्रसिद्ध ट्रान्स स्त्रियांना बोलावलं जातं. त्यांचं काम मोठं आहेच. पण ट्रान्स पुरुष तिथे फारसे दिसत नाहीत. स्त्री म्हणून जन्माची नोंद झालेला मुलगा घरातून सहज बाहेर पडू शकत नाही, त्याला सामावून घेणारं हिजड्यांसारखं घराणं नाही, आणि आपल्या लग्नाची घाई होत असताना तो कुणाकडे जाणार? निवारागृह आखताना फक्त मागून खाणाऱ्यांचा विचार केला, तर तो त्यातून सुटतोच. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातले यल्लमा देवीला वाहिलेले जोगते आणि आदिवासी भागातली ट्रान्स माणसं यांचंही तेच. चांगली संस्था मी यावरून ओळखते की मंत्र्यांच्या भेटीला ती आपल्या अध्यक्षांसोबत आणखी कुणाला नेते.

नियम झाला म्हणजे काम संपत नाही, हे कोची मेट्रोने शिकवलं. २०१७मध्ये मेट्रो सुरू होताना केरळ सरकारच्या कुटुंबश्री या महिला बचतगटांच्या योजनेमार्फत वीसहून अधिक ट्रान्सजेंडर कर्मचारी घेतले गेले. देशभर कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण त्यातल्या काही जणांनी लवकरच नोकरी सोडली, कारण शहरात त्यांना कुणी भाड्याने खोली देईना. पगार होता, गणवेश होता आणि रात्री झोपायला जागा नव्हती. नोकरीच्या धोरणात घराचा विचार आधीच करायला हवा, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

जिल्ह्याजिल्ह्यांत आज चाललेलं काम असंच बारीक आहे. प्रमाणपत्राचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर भरून द्यायचा, समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात त्याचा माग काढायचा, मुदत उलटली की माहिती अधिकारात विचारायचं, राजपत्रात नाव बदलून घ्यायचं, मग शाळेचा दाखला. घरातून नेसत्या कपड्यांनी निघालेल्या मुलीकडे पत्त्याचा पुरावा कुठून असणार? अशा शंभर अडचणी वहीत लिहिल्या जातात आणि त्यातूनच पुढच्या निवेदनाचा मजकूर तयार होतो.

वाचकांपैकी कुणाला यात हातभार लावायचा असेल, तर सर्वात सोपी जागा हरकती आणि सूचनांची आहे. केंद्र किंवा राज्य सरकार नियमांचा मसुदा काढतं, तेव्हा कुणीही नागरिक लिहू शकतो. त्यासाठी ट्रान्सजेंडर असावं लागत नाही, वकीलही असावं लागत नाही. 'हे अन्यायकारक आहे' एवढंच लिहिलं तर अधिकारी ते बाजूला ठेवतो. नियम क्रमांक अमुक, त्यातलं हे वाक्य, त्याने हे नुकसान, त्याऐवजी हे वाक्य, असं लिहिलं तर त्यावर टिप्पणी करावी लागते. मुदतीच्या आत पाठवा, पोच मागून घ्या आणि जपून ठेवा. प्रकरण पुढे न्यायालयात गेलं, तर सरकारला हे आधीच सांगितलं होतं याचा तोच पुरावा असतो.